नातवंडांचा धर्म आणि कार्यकर्त्यांचे मौन

गेल्या महिन्यातली गोष्ट. जिल्ह्याची बैठक संपली होती, मोर्च्याच्या तारखा ठरल्या होत्या आणि चहाचे पेले हातात घेऊन आम्ही दहाबारा जण कार्यालयाच्या ओट्यावर उभे होतो. अशा वेळी एका तरुण साथीने काहीशा संकोचानेच घरातला एक प्रश्न काढला. त्याची मुलगी चार वर्षांची. नवराबायको दोघेही नोकरी करतात. मुलगी दिवसभर आजीपाशी असते. ह्या आजीने नातीला बजावले आहे की, भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हातचे काही खाल्लेस तर बाप्पा रागावतो आणि तुझ्या आईबाबांना आजारी पाडतो. आता त्या मावशी दिसल्या की मुलगी हात मागे घेते. रात्री दचकून उठते आणि आईच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहते. साथीने विचारले, "काय करावे?"

त्यावर आम्ही काय उत्तर दिले? पन्नास वर्षे चळवळीत घालवलेले एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "अरे, आजी ती. सोडून दे. घरात कशाला भांडण?" सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग विषय पावसावर गेला.

हा लेख त्या डोलावलेल्या मानेबद्दल आहे. प्रथम माझ्या, आणि मग आपल्या सर्वांच्या.

"सोडून दे" हा आपल्या घरांतला खरा जाहीरनामा आहे. सभेत आपण जातिनिर्मूलनाचा ठराव मांडतो. घरी त्याच दिवशी आजी नातवाला 'आपल्यातले' आणि 'त्यांच्यातले' ह्यांतला भेद शिकवत असते. तरुणांच्या शिबिरात आपण स्त्रीपुरुष समतेवर बौद्धिक घेतो. घरी नात पाळीच्या चार दिवसांत देवघराच्या उंबरठ्याशी अडवली जाते आणि आपण वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. मुलाच्या गळ्यातला ताईत, दंडावरचा काळा दोरा, न विचारता बोललेला नवस, कुलदैवताला ठरवून टाकलेले जावळ, परधर्मीय शेजाऱ्यांविषयी जेवताना सहज फेकलेले विषारी वाक्य, ह्यांतले काहीही आपल्या नजरेतून सुटत नाही. सुटते ते आपले धैर्य. घर आणि चळवळ ही दोन वेगळी खाती आहेत, एकाचा खर्च दुसऱ्यात धरायचा नसतो, अशी सोयीस्कर हिशेबपद्धती आपण स्वीकारली आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. असा ताळेबंद कोणताही प्रामाणिक हिशेबनीस मान्य करणार नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

जात माणूस शिकतो कुठे? शाळेत तो ती दाखल्यावर वाचतो. शिकतो घरात, बाराखडी येण्याच्याही आधी. कोणाचा कप वेगळा ठेवायचा, कोणाला 'अहो' आणि कोणाला 'ए' म्हणायचे, कोणाच्या घरचा प्रसाद घ्यायचा आणि कोणाच्या घरचा नम्रपणे कागदात गुंडाळून टाकून द्यायचा, हे सारे शिक्षण वयाच्या पाचव्या वर्षापूर्वी पुरे झालेले असते. ते देवाच्या नावाने दिलेले असल्यामुळे त्याला प्रश्नही विचारता येत नाही. ज्या वयात आपण मुलाला आजीच्या स्वाधीन करून मोर्च्याला जातो, नेमके तेच हे वय आहे.

आता माझी कबुली. १९९६ सालच्या मे महिन्यात मी आठ दिवसांच्या अभ्यासशिबिरात होतो. विषय होता नव्या आर्थिक धोरणाचा. परत आलो तो दारातच माझा आठ वर्षांचा मुलगा भेटला. डोक्याचा गोटा, गळ्यात जानवे. माझ्या आईने त्याला रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी नेऊन त्याची मुंज लावून आणली होती. चुलतभाऊ आणि वहिनी पाटावर बसले होते. मी संतापलो. व्यक्तिस्वातंत्र्य, जातिव्यवस्था, माझा विश्वासघात ह्यांवर मी आईला जवळजवळ तासभर ऐकवले. ती भाजी निवडत होती. माझे बोलून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "आठ वर्षं तुझ्या पोराला मी न्हाऊमाखू घातलं. तेव्हा कधी विचारलं नाहीस, आई, त्याला काय सांगतेस म्हणून. आता जानव्याचा जाब विचारतोस?"

मला उत्तर सुचले नाही. रात्री कळले की मुंजीचे माझ्या पत्नीला आधी ठाऊक होते. ती बँकेत नोकरीला होती. तिने शांतपणे विचारले, "मी नाही म्हटलं असतं आणि आई गावीच राहिल्या असत्या, तर सोमवारपासून ह्याला कोण सांभाळणार होतं? तुम्ही?" त्याही प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. पण आणखी एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी, वहिनींकडून कळली, आणि ती मला आजही बोचते. ज्या माउलीच्या हट्टाने तो सोहळा झाला, ती विधवा म्हणून मांडवात पुढे आली नव्हती. नातवाची मुंज तिने माजघराच्या दारातून पाहिली.

ह्या तीन वाक्यांत आणि त्या दारात आपला सगळा प्रश्न सामावलेला आहे.

प्रथम अर्थकारण पाहू. आजीआजोबांनी नातवंडे सांभाळणे ह्याला आपण प्रेम म्हणतो, आणि ते प्रेम आहेच. परंतु ते श्रमही आहेत. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. सून नोकरीला बाहेर पडली म्हणजे तिच्या वाट्याचे हे तास हवेत विरत नाहीत. ते घरातल्या दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर पडतात, आणि ती बहुधा सासू किंवा आई असते. ह्या श्रमांना वेतन नाही, रजा नाही, निवृत्ती नाही. मग मोबदला कोणता? मोबदला म्हणून आपण, न बोलता, न लिहिता, मुलाच्या मनावरचा ताबा देतो. दिवस तुमचा, संस्कार तुमचे. आम्हांला फक्त आमची नोकरी आणि आमची चळवळ करू द्या. हा करार कोणी कागदावर मांडलेला नाही, पण पुरोगामी म्हणवणाऱ्या घराघरांत तो पाळला जातो. आणि ज्याने मोबदला आधीच असा चुकता केला आहे, त्याला नंतर मालाविषयी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. माझ्या आईने मला हेच सुनावले होते. तिने अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ वाचला नव्हता.

म्हणून आजीआजोबांना मर्यादा घालून देण्याचा विचार करताना जे लोक केवळ 'त्यांना समजावून सांगा' म्हणतात, त्यांचे म्हणणे मला पोकळ वाटते. ज्याच्या हाती मुलाचा दिवस, त्याच्या हाती मुलाचा देव. दिवस परत घेतल्याशिवाय मर्यादा आखता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. म्हातारी माणसे देवघराला इतकी चिकटून का राहतात? श्रद्धेचा भाग असतोच आणि तो मी हलका लेखत नाही. परंतु ज्या समाजात म्हातारपणी माणसाच्या हाती ना पैसा ना काम, त्या समाजात देवघर हे त्याच्या सत्तेचे अखेरचे ठाणे असते. केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतील साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसासाठीचा वाटा दरमहा अवघा २०० रुपये आहे. त्यात राज्याची भर धरली तरी त्यावर एकट्या जिवाचा महिना निघत नाही. औषधाच्या गोळीसाठीही मुलाकडे हात पसरावा लागणाऱ्या स्त्रीला घरात कोण विचारतो? सण कधी, उपवास कोणता, सोवळे काय, नवस कोणाचा, एवढ्याच गोष्टी तिला विचारल्या जातात. तिथेही तिची सत्ता कशी, तर दुसऱ्याच्या हुकमावर चालणाऱ्या मुकादमाची. जो धर्म ती नातीला शिकवते, तोच धर्म ती विधवा झाली की नातीच्या बारशाला तिला मागे उभी करतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सर्वांनी त्याचे अभिनंदन केले. पण आपल्या घरच्या बारशात बाळाला पाळण्यात पहिल्यांदा कोणी घातले? विधवा आजीने की सवाष्ण शेजारणीने? मर्यादा आखायची तर ती इथून आखायला हवी. आजीला अडवण्याआधी, तिला अडवणाऱ्या रूढीला अडवा. ज्या सुनेने सासूच्या कपाळाला हट्टाने कुंकू लावून तिला पाळण्याशी पुढे उभे केले आहे, तिच्या तोंडून 'हे मात्र नको' हा शब्द निघाला तर तो ऐकला जाण्याची काही शक्यता असते.

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते दोन परस्परविरुद्ध दिशांनी येतील.

पहिला आक्षेप 'सोडून दे' म्हणणाऱ्यांचा. आजीची गोष्ट, संध्याकाळचा दिवा, शुभंकरोती, पुरणपोळी, ह्यांत कसले आले शोषण? उगाच राईचा पर्वत करता. मुले मोठी झाली की आपोआप विचार करू लागतात.

माझे उत्तर असे की, दिव्याला माझा विरोध नाही. पुरणपोळीला तर मुळीच नाही. मुलाला गोष्ट सांगणे, गाणे म्हणणे, सणाला गोडधोड करणे, आपली श्रद्धा 'माझी श्रद्धा' म्हणून त्याच्यासमोर जगणे, हा म्हाताऱ्या माणसांचा हक्कच आहे आणि मुलाचाही लाभ आहे. मर्यादा सुरू होते ती जिथे मुलाच्या देहावर, मुलाच्या भीतीवर किंवा दुसऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेवर हात पडतो तिथे. मोठ्यांचे देवाशी काय देणे असेल ते मोठ्यांनी फेडावे. मुलाच्या देहाने ते फेडता येणार नाही. ह्या महाराष्ट्रात नवसाच्या नावाने मुली यल्लम्माला आणि खंडोबाला वाहिल्या गेल्या, आणि त्या वाहणारी माणसे शत्रू नव्हती, घरचीच होती. ती मर्यादा समाजाने अखेर आखली. १९३४ साली मुंबई प्रांताने आणि पुन्हा २००५ साली महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला. दाऊदी बोहरा समाजातील अनेक स्त्रियांनी गेल्या दहा वर्षांत पुढे येऊन सांगितले की, सातव्या वर्षाच्या आसपास त्यांना खतन्यासाठी घरातल्याच वडीलधाऱ्या स्त्रियांनी, कित्येकदा आजीनेच, हात धरून नेले. मुंजीचे जानवे आणि हे प्रकार एकाच मापाचे आहेत असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे त्या स्त्रियांच्या वेदनेचा अपमान होईल. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला समज एकच आहे: मूल हे स्वतंत्र माणूस नसून कुळाची मालमत्ता आहे, आणि मालमत्तेला विचारायचे नसते.

भीतीचेही तसेच. 'देव आहे' असे आजीने सांगितले तर मूल उद्या विचारील, 'कुठे आहे?' त्यात बिघडत काहीच नाही. उलट विचाराची सुरुवात तिथूनच होते. पण 'तू असे केलेस तर देव तुझ्या आईला मारील' असे सांगितले की प्रश्नच मरतो. जे मूल रात्री उठून आईचे कपाळ चाचपते, ते मोठे झाल्यावर 'आपोआप' विचार करू लागेल हा भरवसा मला वाटत नाही. ते मोठे झाल्यावर बाबाबुवांच्या रांगेत उभे राहण्याचीच शक्यता अधिक. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. तो कायदा भोंदू बाबाला पकडतो. बाबाकडे जाणारे भेदरलेले मन कोणत्या घरात घडले, ते कायद्याला पाहता येत नाही. ते पाहण्याचे काम आपले होते.

दुसरा आक्षेप आपल्यातल्या कडव्या बुद्धिवाद्यांचा. त्यांना हे सारे मवाळ वाटेल. ते म्हणतील, विषाचा थेंब तो थेंबच. आजीची गोष्टही नको आणि दिवाही नको. मुलाला त्या वातावरणापासून पूर्ण तोडा.

त्यांना मी दोन उदाहरणे देतो. पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी आणि अत्यंत धार्मिक. मुलांकडून ते रामायण-महाभारत नेमाने वाचून घेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे सर्व सांगितले आहे, आणि त्यापुढची गोष्टही सांगितली आहे: केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने बापाला जाब विचारला की, आम्हांला हीच पुस्तके का वाचायला लावता? बापाने उत्तर दिले. मुलाला ते पटले नाही, आणि तसे त्याने सांगितलेही. महत्त्व आहे ते ह्या संभाषणाला. त्या घरात धर्म होता, सक्तीही होती, पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे तोंड बंद केले गेले नाही, आणि बाहेरून आलेले दुसरे पुस्तक घरात येऊ शकले. दुसरे उदाहरण साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चे. मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला मदत करायला श्यामला पाठवणारी ती आई आपल्या सर्वांची लाडकी आहे. पण ती श्यामला परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते, हे आपण सहसा विसरतो. तिच्या काळाने तिला तिथवरच जाऊ दिले. तिने दिलेल्या करुणेवर पाय रोवून मुलगा पुढे गेला, आणि १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसला. आईकडून मोळी घ्यायची आणि आंघोळ सोडून द्यायची, हा विवेक आहे. आईलाच सोडून द्या म्हणणारे मोळीही टाकून देतात.

आणि कडव्यांच्या रांगेत मीही उभा राहून आलो आहे, म्हणून सांगतो. माझी नात पाच वर्षांची असताना तिची दुसरी आजी, म्हणजे सुनेची आई, वारी करून आमच्याकडे उतरली. त्या बाईंनी पिशवीतून लाह्या-बत्तासे काढून नातीच्या ओंजळीत घातले आणि विठ्ठलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी शेजारच्या खुर्चीतून म्हणालो, "देवबीव काही नसतो, हं. नुसता दगड असतो." नात रडू लागली. त्या बाई काहीच बोलल्या नाहीत. पिशवीचे बंद बांधू लागल्या. रात्री सुनेने मला स्वयंपाकघरात बोलावले. ती म्हणाली, "बाबा, माझ्या आईला मी सांगितलंय की पोरीला देवाची भीती घालायची नाही, आणि जातीचं काही बोलायचं नाही. ती पाळते. आता तुम्हांलाही सांगते. तुमचं मत तिला सांगा, पण तिच्या आजीला तिच्यासमोर खोटं पाडू नका."

मी अडतीस वर्षे वर्गात बोललो, पण एवढे नेमके मी कधी बोललो नव्हतो. नास्तिक आजोबालाही मर्यादा असते. नातवंड हे आपल्या श्रद्धेचे वारस नाही, तसे आपल्या अश्रद्धेचेही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंची क्षमा मागितली आणि नातीला घेऊन त्यांची गोष्ट पुरी ऐकली. गोष्ट संपल्यावर नातीने विचारले, "आजी, विठोबा पाय दुखले तर बसत का नाही?" आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही, बाळ." असे उत्तर देणाऱ्या आजीकडे मी माझी नात निर्धास्तपणे ठेवीन.

कोणी म्हणेल, हे सारे खाजगी आहे, ह्यात तत्त्व कुठले? तत्त्व आपल्या राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद २८ चे तिसरे कलम सांगते की, राज्याची मान्यता किंवा साहाय्य असलेल्या शाळेत मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला बसवता येणार नाही. म्हणजे घटनाकारांनी मुलाचे मन ही जपण्याची वस्तू मानली. १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात, ज्यात भारत १९९२ साली सामील झाला, आणखी एक पाऊल आहे: विचार, सदसद्विवेक आणि धर्म ह्यांचे स्वातंत्र्य खुद्द मुलाचे आहे, आणि पालकांनी द्यायचे ते मार्गदर्शन, तेही मुलाच्या वाढत्या समजेला धरून. उलट १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा अजूनही असे म्हणतो की, हिंदू धर्म सोडलेल्या आईबापाला आपल्याच मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून राहण्याचा हक्क नाही. मूल कोणाचे, ह्या प्रश्नाला आपल्या कायद्यात अशी दोन उत्तरे शेजारीशेजारी नांदत आहेत. कोणत्या उत्तराच्या बाजूने उभे राहायचे हे समाजवाद्याला विचारावे लागू नये. घटनेचा सरनामा सभेत वाचायचा आणि घरी कुळाचार चालवायचा, ह्याला दुसरे काय नाव द्यावे?

तेव्हा करायचे काय? उपदेशाने लेख संपवण्याची आम्हां प्राध्यापकांना खोड असते. तरीही जे स्वतः चुकून शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट पुरुष साथींसाठी. तुमच्या आईशी तुम्ही बोला. आपल्या घरांत मर्यादा आखण्याचे अप्रिय काम नेहमी सुनेच्या गळ्यात पडते; मुलगा दोघींच्या मध्ये तटस्थ राष्ट्रासारखा बसतो आणि सून 'नास्तिक' ठरते, 'घर फोडणारी' ठरते. ज्याची आई त्याने बोलावे. आणि ते सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, मुलाच्या गळ्यातला दोरा तोडून बोलू नये. मूल जन्मायच्या आधी, शांतपणे, हाताशी हात लावून भाजी निवडताना बोलावे. काय चालेल ते आधी सांगावे, काय चालणार नाही ते नंतर; आणि जे चालणार नाही ते थोडके असावे, पण त्यावर अढळ राहावे.

दुसरी गोष्ट, दिवस परत घ्या. मुलाला न्हाऊ घालणे, भरवणे, झोपवणे, ह्यांतला निदान निम्मा वाटा बापाने उचलल्याशिवाय त्याला त्याच्या झोपेपूर्वीच्या गोष्टीबद्दल तक्रार करण्याचा अधिकार नाही. बैठक एक तास आधी संपवली तर क्रांती लांबणीवर पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्या एका तासात तुम्ही सांगितलेली गोष्ट मात्र तुमच्या मुलाला जन्मभर पुरेल.

तिसरी गोष्ट पक्षाची. हा प्रश्न एकेका घराने सोडवायचा आहे असे मानले तर तो फक्त पैसेवाल्यांच्या घरी सुटेल, कारण दाई ठेवणे त्यांनाच परवडते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अर्धे शतक उलटले, तरी अंगणवाडी बहुतेक ठिकाणी काही तासांचीच आहे आणि नोकरदार आईचा कामाचा दिवस त्यात बसत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. पण शेतमजूर, घरकामगार, फेरीवाली, विडी वळणारी ह्यांचे 'आस्थापन' कोणते? डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा आपण पाठिंब्याची पत्रके काढली. त्यांच्या मागण्यांचा आपल्या देवघराशी काही संबंध आहे, असे आपल्यापैकी किती जणांना वाटले? सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसून, एकाच बाईंच्या हातची खिचडी खातात ती जागा म्हणजे पूर्णवेळ, सार्वजनिक, मोफत पाळणाघर. आजीने शिकवलेल्या सोवळ्याला ह्याहून मोठे उत्तर माझ्या माहितीत नाही. आणि आजीला सन्मानाने जगता येईल एवढे निवृत्तिवेतन ही तिला देवघराबाहेर सत्ता देणारी दुसरी मागणी. ह्या दोन मागण्या एकत्र मांडा. नातवंड आणि आजी ह्या दोघांचीही मुक्ती त्यांत आहे.

त्या संध्याकाळी ओट्यावर मी त्या तरुण साथीला हे सांगायला हवे होते. ते न सांगता मी मान डोलावली. परवा त्याच्याकडे गेलो आणि चूक कबूल केली. तो म्हणाला की त्याने आईशी बोलणे सुरू केले आहे. ती रागावली आहे, दोन दिवस बोलत नव्हती. आता सकाळी मुलीला तोच अंघोळ घालतो. भांडी घासणाऱ्या मावशींना त्याने रविवारी जेवायला बोलावले होते. त्याच्या आईने ताटे मांडली, पण स्वतः बसली नाही. मुलगी मात्र मावशींच्या शेजारी बसली आणि त्यांनी हाताने दिलेला लाडू हातात घेऊन पुष्कळ वेळ नुसती पाहत राहिली. मग आईच्या कपाळाला एकदा हात लावून आली, आणि लाडू खाल्ला.

पुढच्या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालावा असे पत्र मी कार्यवाहांना पाठवले आहे. 'घरगुती' म्हणून तो वगळला जाऊ नये, एवढीच विनंती.